इंजिनात मोडलेला गंजका बोल्ट: वाचवायचं असतं ते भोक

बोल्ट मोडण्याआधी हाताला सांगतो. चांगला बोल्ट सैल करताना पान्यावर जोर दिला की 'कट्ट' असा आवाज येतो आणि पुढे तो बोटांनी फिरावा इतका हलका होतो. गंजलेला बोल्ट हा आवाज करत नाही. पाना सरकतो, पण हाताला मऊ लागतो. बोल्ट फिरतोय असं वाटतं, प्रत्यक्षात खालचे आटे जागेवरच असतात आणि वरची दांडी तेवढी पिळली जात असते. बेळगावातल्या कुठल्याही जुन्या गॅरेजमधला मेस्त्री हे लांबूनच ओळखतो आणि हाताखालच्या पोराला ओरडतो, "ए, थांब की रे! मोडायलंय ते." त्या क्षणी हात थांबला तर अर्धा दिवस वाचतो. नाही थांबला तर बोल्टचं डोकं पान्यात आणि उरलेला बोल्ट इंजिनात.

हा लेख त्या पुढच्या अर्ध्या दिवसाबद्दल आहे. एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करावी. मोडलेला बोल्ट भंगारात गेला, त्याचं दुःख करू नये. नवा बोल्ट हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. दुकानात मिळत नाही ते इंजिनाच्या हेडमधलं (वरचं जाड झाकण) किंवा ब्लॉकमधलं (खालचं मुख्य धूड) भोक आणि त्याच्या आतले आटे. म्हणून कुठलाही उपाय करताना 'याने बोल्ट निघेल का?' एवढंच विचारून भागत नाही. 'हे फसलं तर भोकाचं काय होईल?' हा प्रश्न आधी यायला हवा.

आटे एवढे घट्ट का धरतात

लोखंड गंजलं की नुसतं झिजत नाही, फुगतं. जेवढ्या लोखंडाचा गंज होतो त्याच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा तो गंज व्यापतो. बोल्टचे आटे आणि भोकाचे आटे यांच्यामध्ये मुळात मिलिमीटरचे काही शतांश एवढीच फट. तिथे गंज तयार झाला की त्याला जायला जागा नसते, तो दोन्ही बाजूंना रेटा देतो. बोल्ट कुणी आवळलेला नसतानाही तो आवळल्यासारखा होतो.

आपल्याकडे या गंजाला खतपाणी भरपूर. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे जून ते सप्टेंबर गाडीचा खालचा भाग सुकतच नाही. कारवारच्या किनाऱ्यावर हवेतच मीठ. गोव्याहून, कारवारहून घाट चढून मासळी आणणाऱ्या गाड्यांची तर गोष्टच वेगळी. बर्फाचं खारट पाणी चॅसीवर, सायलेन्सरच्या जोडांवर ठिबकत राहतं आणि नटाचे सहा कोपरे दोन-तीन वर्षांत गोल होऊन जातात. अथणी-रायबागकडे पाऊस कमी, पण तिकडे दुसरा प्रकार. रेडिएटरमध्ये कूलंट न घालता सरळ बोअरचं पाणी ओततात. कूलंट म्हणजे नुसतं हिरवं किंवा लाल पाणी नव्हे, त्यात गंज रोखणारी रसायनं असतात. ती नसली आणि वर पाण्यात क्षार असले की थर्मोस्टॅटचं घर आणि वॉटर पंप यांचे बोल्ट आतून खाल्ले जातात. बाहेरून डोकं चकचकीत, आत मात्र दांडी निम्मी झालेली.

हल्लीच्या गाड्यांत आणखी एक भर पडली आहे. जुन्या इंजिनाचं हेडही बिडाचं असायचं, आता ते बहुतेक ॲल्युमिनियमचं असतं आणि बोल्ट मात्र पोलादी. हे दोन धातू एकमेकांना चिकटून असले आणि मध्ये खारट ओल आली की तिथे छोटी बॅटरीच तयार होते. त्यात झिजतं ॲल्युमिनियम, आणि त्याची पांढरी भुकटी आट्यांत भरून बसते. बोल्टच्या कडेला पांढरं दिसलं तर समजावं की जाम करणारा गंज लोखंडाचा नाही, ॲल्युमिनियमचा आहे. दोन्हींना उपाय थोडा वेगळा लागतो, ते पुढे येईलच.

सगळ्यात जास्त मोडतात ते एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे, म्हणजे हेडमधला तापलेला धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणाऱ्या ओतीव भागाचे स्टड (बिनडोक्याचे बोल्ट, वरून नट लावायचे), आणि त्यातही दोन टोकांचे. हा योगायोग नाही, हिशोब आहे. समजा मॅनिफोल्ड बिडाचा आणि ४० सेंटिमीटर लांब आहे. चढावर भरलेली गाडी ओढताना त्याचं तापमान ५०० अंशांनी वाढलं, तर तो लांबीत साधारण २ मिलिमीटर वाढतो. त्याच्या पाठीमागचं ॲल्युमिनियमचं हेड पाण्याने थंड राहतं, ते ८० अंशांनी तापलं तरी पाऊण मिलिमीटरच वाढेल. हा फरक मधल्या स्टडला जाणवत नाही, टोकाच्या स्टडला मात्र प्रत्येक फेरीत आडवा बाक बसतो. सकाळी गार इंजिन चालू केल्यावर टिक-टिक आवाज येतो आणि गरम झाल्यावर तो बंद होतो, असं असेल तर टोकाचा स्टड बहुतेक आधीच गेलेला असतो. पुष्कळ लोक तो आवाज टॅपेटचा, म्हणजे आतल्या व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागांचा समजून महिनोन्‌महिने चालवतात.

जोर नेमका कुठे जातो

एम८ बोल्ट, म्हणजे ज्याची दांडी ८ मिलिमीटरची, इंजिनावर सर्रास असतो. डोक्यावर ८.८ असा आकडा कोरलेला असतो. पहिला ८ म्हणजे तो प्रत्येक चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटनपर्यंत ओढ सोसतो, दुसरा .८ म्हणजे त्याच्या ८० टक्क्यांवर तो कायमचा ताणायला लागतो. असा बोल्ट साधारण २५ न्यूटन-मीटरला आवळतात. फूटभर लांब पान्याच्या टोकाला आठ-साडेआठ किलोचा जोर, एवढंच ते. त्याच पान्याला पाइप घालून तीन फूट केला तर तोच जोर ७५ न्यूटन-मीटर होतो, आणि एवढ्यात एम८ बोल्ट केव्हाच तुटलेला असतो. 'पाइप लाव' हा सल्ला चाकाच्या नटाला ठीक आहे, इंजिनाच्या लहान बोल्टला तो मोडण्याचा परवाना आहे.

आवळताना दिलेल्या जोरापैकी जेमतेम दहावा हिस्सा बोल्टला ताणून पकड देण्यात जातो. साधारण निम्मा डोक्याखालच्या घर्षणात आणि उरलेला आट्यांच्या घर्षणात खर्च होतो. सोडवतानाही भांडण याच दोन जागांशी असतं. गंजाने दोन्हीकडचं घर्षण कित्येक पटींनी वाढवलेलं असतं, बोल्टची ताकद मात्र आहे तेवढीच, किंबहुना दांडी खाल्ली गेल्यामुळे कमीच. म्हणून सोडवायला जोर वाढवणं हा उलटा उपाय आहे. घर्षण कमी करायचं, जोर नाही वाढवायचा.

पाना कुठला लावता यालाही महत्त्व आहे. बारा कोनी गोटी (सॉकेट) फक्त कोपऱ्यांना धरते, सहा कोनी गोटी सपाट बाजूंना धरते. गंजक्या डोक्याला नेहमी सहा कोनी.

मोडल्यावर आधी बघा

मोडला की लगेच ड्रिल शोधायला पळू नये. मोडलेल्या तोंडाकडे बॅटरी मारून बघावं. सगळं तोंड ताजं, चमकदार असेल तर तो आत्ता, तुमच्या जोराने मोडला. अर्धं तोंड काळपट-तांबडं आणि अर्धं चमकदार असेल तर तडा जुना होता, उरलेलं तेवढं आज गेलं.

हे बघायचं कशासाठी? तर आत उरलेला तुकडा किती घट्ट असेल याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. गाडी चालताना दमून किंवा कुणीतरी जास्त आवळल्याने बोल्ट मोडला असेल, तर आटे मुळात जाम नव्हतेच. डोकं गेलं, ताण गेला, आतला तुकडा मोकळा. असा तुकडा टोकदार पंच कडेला तिरपा धरून, हलक्या हातोडीने डावीकडे टिचकावत गेलं तरी फिरतो. डोक्याखालचं घर्षण जास्त होतं आणि आटे बरे होते, तरीही हेच. पण पान्याने सोडवताना आट्यांतल्या गंजामुळेच मोडला असेल तर आतला तुकडा तेवढाच घट्ट आहे, किंवा त्याहून जास्त. दोन्ही प्रसंगांत दिसतं एकच, काम मात्र दोन वेगळी. पहिल्या प्रकाराला दुसऱ्याचा उपाय करून पुष्कळ जण भोकाचं वाटोळं करतात.

बाहेर थोडा तुकडा राहिला असेल, अगदी पाच-सहा मिलिमीटर, तर नशीब चांगलं. त्याच्या दोन बाजू कानसीने सपाट करून ग्रिप पाना लावता येतो. मात्र त्याआधी तेल आणि उष्णता.

तेलाला वेळ द्यावा लागतो

गंज सोडवणारं तेल फवारून पाच मिनिटांत पाना लावणं म्हणजे तेल वाया. ते केसासारख्या फटीतून स्वतःच ओढलं जातं, आणि गंजाने भरलेल्या फटीत त्याला तास-दोन तास, खरं तर रात्रभर लागते. सगळीकडे मिळणारा डब्ल्यूडी-४० मुळात १९५३ मध्ये अमेरिकेत धातूवरचं पाणी हटवून गंज रोखायला बनवलेला पदार्थ आहे. तो वाईट नाही, पण जाम आट्यांसाठी खास बनवलेली पातळ तेलं त्याहून बरी. गॅरेजमधला जुना जुगाड म्हणजे ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचं तेल निम्मं-निम्मं. चालतो. फक्त ॲसिटोन पेट्रोलसारखाच पेटतो, हे विसरू नये.

तेल घालावं, बोल्टच्या तोंडावर हातोडीने सरळ, छोटे ठोके द्यावेत, परत तेल घालावं. ठोक्यांनी गंजाला चिरा पडतात आणि त्यातून तेल आत शिरतं. संध्याकाळी करून ठेवलं आणि सकाळी हात लावला तर फरक कळतो. गिऱ्हाईक बाकावर बसून असताना हे जमत नाही, म्हणून गाडी आदल्या दिवशी मागवून घेणारा मेस्त्री शहाणा.

उष्णता तेलापेक्षा जास्त काम करते, पण ती कुठे द्यायची ते धातूवर ठरतं. भोक बिडात असेल तर बोल्टभोवतीचा भाग टॉर्चने चांगला तापवता येतो. ॲल्युमिनियममध्ये मात्र हातघाई नको. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, हेडमध्ये वापरतात त्या मिश्रधातू त्याआधीच, आणि लोखंडासारखं ते लाल होऊन इशारा देत नाही. आत्ता घट्ट होतं आणि आत्ता खाली सांडलं, इतकं अचानक. पाण्याचा थेंब टाकला की चर्र करून नाचत उडून जावा, एवढंच तापवावं. तेवढंही पुरतं, कारण ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं. १०० अंशांच्या वाढीला ८ मिलिमीटरचं भोक बोल्टपेक्षा जास्त फुगतं, फरक मिलिमीटरच्या एका शतांशाहून किंचित कमी. ऐकायला काहीच नाही, पण पांढऱ्या भुकटीची पकड सुटायला ते पुष्कळ असतं. तापलेल्या जोडाला मेणबत्ती टेकवली तर मेण वितळून आट्यांत ओढलं जातं आणि वंगणाचं काम करतं. हा उपाय मला तेलापेक्षाही आवडतो, कारण गरम इंजिनावर तेल फवारण्यासारखा भडका त्यात होत नाही.

मग फिरवताना सरळ डावीकडे ओढू नये. आधी किंचित उजवीकडे, आवळण्याच्या दिशेने, मग डावीकडे, मग परत थोडं उजवीकडे. गंजाची भुकटी होत जाते. पाव फेरा सुटला म्हणून आनंदाने सरळ सोडवत गेलं तर तीच भुकटी पुढच्या आट्यांत अडकून बोल्ट परत जाम होतो.

नट वेल्ड करणं

मोडलेल्या बोल्टवर सगळ्यात चांगला उपाय कुठला, असं विचारलं तर माझं उत्तर एकच: वर नट वेल्ड करा. आपल्याकडे सीओटू वेल्डिंग गल्लोगल्ली आहे आणि या कामाला तेच सगळ्यात सोयीचं. साधं रॉडचं वेल्डिंगही चालतं, पण छोट्या जागेत रॉड सांभाळायला हात बसलेला लागतो.

बोल्ट पृष्ठभागाच्या बरोबरीला मोडला असेल तर त्यावर आधी एक वायसर ठेवावा, त्याच्या भोकातून बोल्टला वेल्ड पकडवावं, मग वायसरवर नट ठेवून नटाच्या आतून भरून घ्यावं. विहिरीतल्या पाण्यासारखा बोल्ट खोल आत गेला असेल तर एकेक थेंब वेल्ड चढवत तो वर आणावा लागतो. ॲल्युमिनियमच्या भोकात हे बिनधास्त करता येतं, कारण पोलादाचं वेल्ड ॲल्युमिनियमच्या भिंतीला नीट चिकटतच नाही. बिडाच्या भोकात मात्र ते भिंतीला धरू शकतं, तिथे जपून.

आता यातली खरी गंमत. नट चिकटवणं हे अर्धंच काम, मोठं काम करते ती उष्णता. वेल्डिंगमध्ये बोल्ट स्वतः आतून लालभडक होतो, फुगायला बघतो, भोवतालच्या भिंतीने त्याला फुगू दिलं नाही की दाबला जातो, आणि गार होताना पहिल्यापेक्षा किंचित बारीक होतो. गंजाची पकड तिथे तुटते. म्हणून नट एकदा तुटून हातात आला तरी निराश होऊ नये. परत लावावा. प्रत्येक वेळी बोल्ट आणखी थोडा सैल झालेला असतो. लाली गेली की, पण अंगात ऊब असतानाच, पाना लावून पुढे-मागे हलवायला सुरुवात करावी.

तीन गोष्टी मात्र आधी. बॅटरीचा निगेटिव्ह काढावा आणि वेल्डिंगची अर्थची वायर इंजिनावरच, कामाच्या जवळ लावावी, नाहीतर करंट गाडीच्या कॉम्प्युटरमधून फिरून जायचा. नटावर जस्ताचा मुलामा असेल तर तो घासून काढावा, जस्ताच्या धुराने ताप भरतो. आणि जागा साफ करायला क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर मारून लगेच वेल्डिंग कधीच करू नये. त्या वाफेचा वेल्डिंगच्या उष्णतेत फॉस्जीन नावाचा विषारी वायू बनतो. झोंबणारा वास आला तर काम टाकून बाहेर पडावं.

ड्रिल, म्हणजे भोकाची परीक्षा

वेल्डिंगला जागाच नसेल, पेट्रोलची नळी जवळ असेल किंवा बोल्ट फार आत असेल, तर ड्रिलशिवाय इलाज नाही. इथे भोक बिघडण्याची शक्यता सगळ्यात जास्त. कारण साधं आहे: ड्रिल नेहमी मऊ बाजूला पळतं. बोल्ट पोलादी, भोवताली ॲल्युमिनियम. ड्रिल मध्यापासून एखादा मिलिमीटर सरकलं की ते बोल्ट सोडून ॲल्युमिनियममध्ये शिरतं आणि भोक अंडाकृती होतं.

म्हणून मोडलेलं तोंड आधी कानसीने किंवा बारीक ग्राइंडरने सपाट करावं आणि पंचचा ठसा बरोबर मध्यावर घ्यावा. नजरेवर विसंबू नये, भिंग वापरावं. ठसा चुकला तर पंच तिरपा धरून तो मध्याकडे ढकलता येतो, ड्रिल चुकल्यावर ढकलता येत नाही. याहून पक्का मार्ग म्हणजे बुश, म्हणजे मध्ये भोक असलेलं छोटं नळकांडं. मॅनिफोल्ड किंवा झाकण परत जागेवर बसवायचं, त्याच्या भोकात बरोबर बसेल असा आणि मध्ये ३ किंवा ४ मिलिमीटरचं भोक असलेला बुश लेथवर करून घ्यायचा, आणि त्यातून ड्रिल सोडायचं. मग ड्रिलला इकडेतिकडे पळायला जागाच राहत नाही. उद्यमबाग किंवा मच्छेमध्ये टर्नरला सांगितलं तर हे थोड्या वेळाचं काम आहे. फौंड्री आणि मशीन शॉपचं गाव असल्याचा एवढा तरी फायदा आपण घ्यावा.

उलट्या फिरकीचं ड्रिल मिळालं तर सोन्याहून पिवळं. ते डावीकडे फिरत कापतं, त्यामुळे कापता कापताच कधी बोल्टला पकडून बाहेर घेऊन येतं. गावातल्या दुकानात ते सहसा नसतं, मागवून ठेवावं लागतं.

भोक किती खोल न्यायचं ते आधी ठरवून ड्रिलवर चिकटपट्टीची खूण करावी. काही बोल्टांची भोकं थेट पाण्याच्या जागेत उघडतात, काहींच्या बुडाशी तेलाचा मार्ग असतो. चुरा इंजिनात पडू नये म्हणून मोकळी तोंडं बुजवावीत, ड्रिलला ग्रीस लावावं. पोलादाचा चुरा लोहचुंबकाने उचलता येतो, ॲल्युमिनियमचा येत नाही, तो ओढून घ्यावा लागतो.

बरोबर मध्यातून एम८ साठी ६.८, एम६ साठी ५ आणि एम१० साठी ८.५ मिलिमीटरपर्यंत ड्रिल वाढवत नेलं तर बोल्टची फक्त आट्यांची साल उरते. ती टोकदार सळईने आत ढकलून स्प्रिंगसारखी ओढून काढता येते. मग टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून आटे साफ करायचे. मूळ भोक आहे तसं परत मिळतं.

इझी आउट नावाचा सापळा

दुकानातल्या पेटीत एक्स्ट्रॅक्टर मिळतात, गॅरेजच्या भाषेत इझी आउट. बोल्टला बारीक भोक पाडून त्यात ते उलटे फिरवायचे, ते रुततात आणि बोल्ट घेऊन बाहेर येतात, असं पेटीवर लिहिलेलं असतं. ज्यांच्याकडे ते आहेत त्यांना मी एवढंच विचारतो: ज्या पिळाला ८ मिलिमीटरचा बोल्ट टिकला नाही, त्या पिळाला त्याच्याच पोटात मावणारा ४ मिलिमीटरचा एक्स्ट्रॅक्टर कसा टिकेल? वर तो निमुळता असतो. आत रुतताना बोल्टला पाचर मारल्यासारखा बाहेर रेटतो, आणि जाम असलेला बोल्ट भिंतीवर आणखी घट्ट बसतो.

सगळ्यात वाईट पुढे आहे. इझी आउट कडक पोलादाचा असतो, वाकत नाही, तुटतो. तुटला की त्याला साधं ड्रिल लागत नाही. आधी मऊ बोल्ट होता, आता त्याच्या मध्यात कडक गाठ. मोडलेल्या बोल्टपेक्षा मोडलेला इझी आउट चौपट त्रास देतो. तुकडा मुळात मोकळा असेल किंवा आधी नीट तापवून सैल झाला असेल, तरच तो वापरावा, आणि त्यातही पीळ असलेल्यापेक्षा सरळ कंगोऱ्यांचा बरा. हाताला जोर लागायला लागला की तिथेच थांबावं.

एवढं होऊनही तो आत मोडलाच, तर इंजिनाचं हेड उतरवून स्पार्क मशीनवर न्यायचं. तांब्याचा किंवा ग्राफाइटचा इलेक्ट्रोड आणि मोडलेला तुकडा यांच्यात तेलाखाली ठिणग्या पाडत राहायच्या. प्रत्येक ठिणगी धातूचा सूक्ष्म कण उडवते. जोर शून्य, कडकपणाचा प्रश्नच नाही. १९४३ मध्ये सोव्हिएत रशियातल्या बोरिस आणि नतालिया लाझारेंको या दांपत्याने ही पद्धत काढली. ते खरं तर विजेच्या बटणांचे संपर्कबिंदू ठिणग्यांनी झिजतात ते कसं थांबवावं हे शोधत होते. झिज थांबली नाही, पण झिजेचाच उपयोग करता आला. साचे बनवणाऱ्या टूलरूममध्ये ही मशीन असते, आणि बेळगावात तशा टूलरूम शोधायला लांब जावं लागत नाही.

आणखी एक उपाय किराणा दुकानात आहे: तुरटी. तुरटीचं गरम, दाट पाणी पोलाद हळूहळू खातं आणि ॲल्युमिनियमला जवळजवळ हात लावत नाही. थर्मोस्टॅटचं घर किंवा एखादं लहान झाकण, ज्यात टॅप किंवा एक्स्ट्रॅक्टर मोडलाय, ते अशा पाण्यात मंद आचेवर ठेवून दिलं तर मोडलेला तुकडा काळा चिखल होऊन सुटतो. तासांचं, कधी दिवसांचं काम, पाणी अधूनमधून बदलावं लागतं. पूर्ण हेड मात्र त्यात बुडवू नये. त्यात व्हॉल्व्हच्या सीट लोखंडी असतात, तुरटी त्यांनाही सोडणार नाही.

भोक मोठं झालंच तर

ड्रिल सरकलं, आटे गेले, तरी हेड टाकायची गरज नाही. हेलिकॉइल बसवता येतो. एम८ साठी भोक ८.३ किंवा ८.४ मिलिमीटरचं करायचं, सेटमधल्या खास टॅपने नवे आटे पाडायचे आणि त्यात स्टेनलेस तारेची स्प्रिंग फिरवून बसवायची. तिच्या आतल्या बाजूला मूळ एम८ चेच आटे मिळतात. ॲल्युमिनियममध्ये असे आटे मूळ आट्यांपेक्षा मजबूत ठरतात. स्वतःचं इंजिन असतं तर सतत उघडबंद होणाऱ्या जागी मी हे आधीच करून घेतलं असतं.

नवा बोल्ट बसवताना भोकात तेल किंवा पाणी साठलेलं नाही ना, ते बघावं. बूड बंद असलेल्या भोकात द्रव राहिला आणि वरून बोल्ट आवळत नेला, तर द्रव दबत नाही, ओतीव भागालाच तडा जातो. एक्झॉस्टच्या स्टडला तांब्याचं किंवा निकेलचं अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारं मलम) लावावं, म्हणजे पुढच्या वेळी हे सगळं करायला लागणार नाही. मात्र ते लावल्यावर आटे गुळगुळीत होतात, तेवढाच पीळ दिला तर बोल्टवर जास्त ताण येतो, म्हणून टॉर्क, म्हणजे आवळायचा पीळ, साधारण पाचव्या हिश्शाने कमी ठेवावा. हेडच्या मुख्य बोल्टांना ते लावायचं की नाही हे कंपनीच्या पुस्तकातच बघावं, तिथे अंदाज चालत नाही. मॅनिफोल्डचे नट मध्यापासून टोकांकडे आवळत न्यावेत, आणि गाडी एकदा खानापूरपर्यंत जाऊन येऊन पूर्ण गार झाली की टोकाच्या दोन नटांवर पाना पुन्हा एकदा टेकवून बघावा.